सुरा एकानं चालवला, मग फाशी पाचही जणांना का?

विडीवाली_सोलापूर: आमच्या गल्लीतलं पोरगं सध्या जेलात आहे. यंत्रमागावर कांड्या भरायचं. पाच जण दरोड्याला गेले, हे बाहेर गाडी चालू ठेवून उभं. आत घरातल्या म्हातारीचा जीव गेला. कोर्टात कुणीतरी सांगितलं, पाचही जणांना फाशी होऊ शकते. त्याची आई आणि मी शेजारी बसून विड्या वळतो. हल्ली तिच्या सुपात पानं कापून तशीच पडतात, विडी कारखान्याच्या ब्रँचला माल कमी भरतो. ज्यानं हात लावला नाही त्याला फास, हा कुठला न्याय?

वकील_सातरस्ता: ताई, कलम खरं आहे. भारतीय न्याय संहिता, ३१०(३), पूर्वीच्या भारतीय दंड संहितेतलं ३९६. पाच किंवा जास्त जणांच्या दरोड्यात एकानं खून केला तरी प्रत्येक जण दोषी. पण शिक्षा फाशीच असं नाही. जन्मठेप किंवा किमान १० वर्षं सक्तमजुरीही आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या १९८० च्या बच्चनसिंग निकालापासून फाशी दुर्मिळातल्या दुर्मिळ खटल्यातच, तीही प्रत्येक आरोपीकडं वेगळं बघून. नाहीतर काय होतं ते हरबन्ससिंग खटल्यात दिसलं. तिघांचा सहभाग सारखा, तिघांनाही फाशी. एकाची जन्मठेप झाली, दुसरा ६ ऑक्टोबर १९८१ ला फासावर गेला, तिसऱ्याला सर्वोच्च न्यायालयानं ऐनवेळी वाचवलं. मला हे अजून पचत नाही.

अक्कलकोट_रोड: त्या म्हातारीलाबी लेकरं असतील की ओ. माझे वडील वॉचमन होते. दोघांनी हात बांधले, तिसऱ्यानं मारलं. कारखान्यातल्याच बाद सुतानं बांधले होते, मनगटावरचे वळ मी बघितलेत. हात मोकळे असते तर माझा बाप पळाला असता. बांधणारा कमी गुन्हेगार कसा?

विडीवाली_सोलापूर: दादा, तुमचं वाचून हात थांबला. बांधणाऱ्याला सोडा असं मी म्हणणार नाही. आमच्या पोरालाबी शिक्षा होऊ दे, वर्षानुवर्षं होऊ दे. पण आत काय चाललंय ते ज्याला ठाऊक नव्हतं, त्याला आणि सुरा चालवणाऱ्याला एकाच दोरीनं मोजू नका, एवढंच.

वकील_सातरस्ता: दादांचा मुद्दा कायदाही मानतो. बांधणं म्हणजे खुनाला थेट हातभार. बाहेर उभ्या माणसाला हत्यार आहे हे माहीत होतं का, किंकाळी ऐकून तो थांबला की पळाला, हे शिक्षा ठरवताना बघायलाच पाहिजे. ताई, २०२२ च्या मनोज निकालात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलंय की फाशीचा विचार होणाऱ्या खटल्यात आरोपीचं वय, घरची परिस्थिती, जेलमधली वागणूक हे सगळं कोर्टासमोर आलं पाहिजे. शाळेचा दाखला, कारखान्याची हजेरी आत्ताच गोळा करा. वकील परवडत नसेल तर जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात अर्ज द्या, फुकट मिळतो.

विडीवाली_सोलापूर: दाखला घरात आहे. हजेरीसाठी सोमवारी तिला घेऊन कारखान्यात जाते.