पोरगा अठराचा झाला, म्हणून मागची पोटगी माफ?

सायली_नाशिक
जूनमध्ये मुलाला अठरा पूर्ण झाली. २०१५ मध्ये कोर्टाने त्याच्यासाठी महिना ३,००० रुपये ठरवले होते. २०१६ संपेपर्यंत आले, मग बंद. १०२ महिन्यांचे ३ लाख ६ हजार थकलेत. मध्ये एकदा वसुलीचा अर्ज केला होता, पण तारखांना रजा मिळेना, तो अर्ज तसाच सुटला. आता मुलाच्या बापाच्या घरचे म्हणतात, पोरगा मोठा झाला, कसली पोटगी? पुढची मला नकोच. मागची मात्र हवी. त्या वेळची फी आणि दूध मी पतसंस्थेच्या कर्जावर आणि आईच्या पाटल्या मोडून भागवलंय.

एक_बाप
ताई, राग मानू नका. लॉकडाऊनमध्ये माझी नोकरी गेली, सात महिने मीही देऊ शकलो नाही. नंतर फेडले. पण ज्याला जमलंच नाही, त्याच्या मानेवर हे किती वर्षं ठेवायचं? आणि आता कुठे मुलगा स्वतःहून बापाला भेटू शकेल. तेवढ्यात घरी वॉरंट गेलं तर ते दार कायमचं बंद होईल.

सायली_नाशिक
दादा, तुम्ही फेडलेत, तिथेच फरक आहे. परिस्थिती बदलली तर कोर्टात जाऊन रक्कम कमी करून घेता येते. तो एकदाही गेला नाही. त्याच वर्षांत गावाकडे घराचा स्लॅब मात्र टाकला.

कोर्टकचेरी
मी वकिली करते. सज्ञान झाल्यावर पुढची पोटगी थांबते, थकलेली बुडत नाही. अडचण मुदतीची आहे. फौजदारी प्रक्रिया संहितेचं जुनं कलम १२५, म्हणजे १ जुलै २०२४ पासून नागरिक सुरक्षा संहितेचं १४४, त्यात वॉरंट हवं तर रक्कम देय झाल्यापासून वर्षाच्या आत अर्ज लागतो. तुमचा पहिला अर्ज जिवंत असता तर पुढचे महिने त्यातच जोडता आले असते. पण ही मुदत फक्त वॉरंटच्या वाटेला आहे, मूळ हक्क त्याने संपत नाही. दिवाणी हुकूमनामा असेल तर दरखास्तीला, म्हणजे तो अंमलात आणायच्या अर्जाला, १२ वर्षं मिळतात, प्रत्येक हप्ता चुकला तिथून मोजून. रजनेश विरुद्ध नेहा (२०२०) मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पोटगीचा आदेश दिवाणी हुकूमनाम्यासारखा वसूल करता येतो असं सांगितलंय. म्हणून आधी आदेश कुठल्या कलमाखालचा आहे ते बघा.

सडेतोड_सातारा
तरी मला पटत नाही. वर्षाची मुदत उगाच नाही ठेवलेली. आठ वर्षं गप्प बसून एकदम तीन लाख मागितले तर साधा पगारदार आणणार कुठून? त्याला आत टाकून कुणाचं भलं?

कोर्टकचेरी
कोर्ट हप्ते बांधून देऊ शकतं. आणि आत जाऊन आला तरी थकबाकी फिटत नाही, हे १९८९ पासून ठरलेलं आहे. गप्प बसल्या म्हणता, पण बिनपगारी रजा टाकून तारखेला उभं राहणं एकट्या बाईला किती वेळा परवडतं?

एक_बाप
निदान मुलाला तरी विचारा, ताई.

सायली_नाशिक
विचारलं. तो म्हणाला, "तुझं कर्ज तू फेडलंस, त्याचं त्याला फेडू दे. मला मध्ये घेऊ नका." त्याला कोर्टात नेणार नाही. सोमवारी आदेशाची नक्कल काढायला जाते.