स्नोडनची गोल वाट: दृष्टीभय असेल तर क्रिब गॉख करावं का?

नौपाडाकर
मुलगी मँचेस्टरला असते, सप्टेंबरात आम्ही दोघं तिच्याकडे जातोय. वेल्समधल्या स्नोडनची (तिथल्या भाषेत अर विद्वा, १०८५ मीटर) घोड्याच्या नालेच्या आकाराची वाट मनात भरलीये. पेन-अ-पासहून चढायचं, क्रिब गॉखच्या धारेवरून मुख्य शिखर, मग लिवेदचं शिखर, आणि तळ्याकाठाने परत. उंचीची काळजी नाही, कळसूबाई चारदा झालाय. पण खाली दरी दिसली की भीती वाटते; कलावंतीण सुळक्याच्या पायऱ्या उतरताना माझे पाय लटपटले होते, हिने हात धरून खाली आणलं. वय ५४. कोणी केलंय का?

बेलापूरची भटकी
काका, मी केलंय. कलावंतिणीला निदान एका बाजूला हात टेकायला कातळ असतो. क्रिब गॉखवर बराच वेळ दोन्हीकडे मोकळं. आम्ही माथ्याची धारच कठड्यासारखी हातांनी धरली आणि पाय तिच्या जरा खाली, डाव्या अंगाला ठेवत सरकलो. एकदा धारेवर गेलात की मधेच सोपी उतरायची वाट नाही. म्हणून दिशा हीच ठेवा, ती धार चढतानाच घ्या.

पहिल्या दिवशी आम्ही फाटा फुटतो त्या खिंडीतूनच मागे फिरलो. वाऱ्याने सॅकचं कव्हर उडवून नेलं होतं, वर धुकं. रडू आलं मला, इतक्या लांब येऊन! दुसऱ्या दिवशी कातळ कोरडा होता, तेव्हा गेलो. ओलं असेल किंवा वारा असेल तर तुम्हीही जाऊ नका, अगदी हात जोडून सांगते. त्याच खिंडीतून पिग ट्रॅक सरळ शिखराकडे जातो.

लिवेदलाही हात लावावे लागतात, पण कडा फक्त डावीकडे. उजवीकडून चाला.

आणि तळी! आपल्याला तळं म्हटलं की ठाण्याच्या मासुंदा तलावाचा कट्टा आठवतो. तिथे हिमनदीने डोंगर खरवडून केलेल्या खळग्यात पाणी साठलंय, काठावर एक झाड नाही. धारेवरून खाली ग्लासलिन दिसतं, तांब्यामुळे हिरवंनिळं. परतताना तळ्याकाठी बसून डबा खा.

ऐरोलीचा डोंगऱ्या
अंतर १२ किमीच्या आसपास, पण सात-आठ तास धरा. पेन-अ-पासची पार्किंग आधी बुक करावी लागते, नाहीतर खालून बस. आदल्या रात्री डोंगरमाथ्याचा हवामान अंदाज बघा, त्यातही वाऱ्याचा वेग. वहिनींना चढायचं नसेल तर लानबेरिसहून शिखरापर्यंत रेल्वे आहे, १८९६ पासूनची.

नौपाडाकर
दोघांचेही मनापासून आभार. पाऊस लागायच्या आत पुन्हा कलावंतीण करतो, या वेळी उतरताना कुणाचा हात न धरता. नाही जमलं तर पिग ट्रॅकने चढेन, लिवेदचं वर गेल्यावर बघू. रेल्वेचं हिला सांगितलं, तर तिकिटांसाठी मुलीला फोन लावूनही झाला.