संप मागे घ्यावा लागला, तरी जॉर्ज फर्नांडिस यशस्वी कामगारनेते होते का?

प्रश्न : बडोदेकर नातू
माझे आजोबा बडोद्याला रेल्वेत फिटर होते. गेल्या महिन्यात त्यांच्या पत्र्याच्या पेटीत मे १९७४ चे दिनदर्शिकेचे पान सापडले. देशव्यापी रेल्वे संपाच्या, म्हणजे ८ पासून २७ पर्यंतच्या तारखांभोवती पेन्सिलीने गोल केलेले आहेत आणि १६ तारखेच्या चौकटीत आजीच्या अक्षरात ‘दूध बंद केले’ एवढेच लिहिले आहे. पदरात काही न पडता तो संप मागे घेतला गेला, तरीही आजोबा अखेरपर्यंत ‘आमचे जॉर्ज’ असेच म्हणत. निव्वळ कामगारनेते म्हणून त्यांची कारकीर्द यशस्वी म्हणावी का?

उत्तर : निवृत्त गार्ड
आमच्या पिढीची मोठी बोच बोनसची होती. १९६५ च्या कायद्याने कारखान्यातील कामगाराला बोनसचा हक्क मिळाला, पण रेल्वे हे सरकारी खाते म्हणून त्यातून वगळलेले होते. म्हणजे तेच लेथ चालवणारा, तेच वेल्डिंग करणारा माणूस केवळ खाते निराळे म्हणून दिवाळीला रिकाम्या हाताने घरी जात असे. १९७३ च्या अखेरीस जॉर्ज ऑल इंडिया रेल्वेमेन्स फेडरेशनचे अध्यक्ष झाले आणि काही महिन्यांतच त्यांनी वेगवेगळ्या झेंड्यांच्या अनेक संघटना एका समन्वय समितीत आणून बसवल्या. रेल्वेत लोको ड्रायव्हरची संघटना वेगळी, स्टेशन मास्तरांची वेगळी, आणि प्रत्येकाला आपलेच गाऱ्हाणे मोठे वाटते, हे ज्याने पाहिले आहे त्यालाच या कामाची अवघडता कळेल. २ मे रोजी त्यांना लखनौत अटक झाली, तरी ८ मेपासून लाखो कामगार संपावर गेलेच.

उत्तर : युनियनचा जुना शाखा सचिव
बांधणी पक्की होती, हे मान्य आहे. परंतु माघारीची वाट आधी आखून ठेवणे हेही नेत्याचेच काम असते. संपात हजारोंच्या नोकऱ्या गेल्या, कुटुंबांना क्वार्टरमधून बाहेर काढण्यात आले, आणि १९७७ मध्ये मधु दंडवते रेल्वेमंत्री झाल्यावर बडतर्फ कामगारांना परत घेतले गेले, तोवर तीन वर्षे निघून गेली होती. दुसरी गोष्ट आपल्या शहराच्या नावानेच ओळखली जाते. आणीबाणीत भूमिगत असलेल्या जॉर्जना जून १९७६ मध्ये कलकत्त्यात अटक झाली आणि डायनामाइटने रेल्वेमार्ग व सरकारी इमारती उडवण्याचा कट केल्याच्या आरोपावरील बडोदे डायनामाइट खटल्यात ते आरोपी ठरले. जनता सरकारने तो खटला मागे घेतला, त्यामुळे आरोप न्यायालयात सिद्ध झालेले नाहीत, हे नोंदवलेच पाहिजे. तरीही माझे मत असे आहे की, संघटनेचे बळ सगळ्यांनी उघडपणे एकदम काम थांबवण्यात असते. गुप्त मार्गात साध्या सभासदाला जागाच उरत नाही.

उत्तर : निवृत्त गार्ड
माघारीबद्दलचा आपला आक्षेप मला खोडता येत नाही. मात्र १९७९ मध्ये रेल्वे कामगारांना उत्पादकतेशी निगडित बोनस मंजूर झाला, आणि चौऱ्याहत्तरच्या संपावाचून तो मिळाला असता असे मला वाटत नाही. आज दसऱ्याच्या सुमारास तो खात्यात जमा होतो, तेव्हा नव्या मुलांना तो मागून घ्यावा लागला होता हे माहीतही नसते.

बडोदेकर नातू
दोघांचेही आभार. काल आजीला ते पान दाखवले. दूध पुन्हा जुलैत सुरू केले, असे तिने सांगितले. आजोबांना कामावर परत घेतले होते, पण समोरच्या क्वार्टरमधल्या फिटरला नव्हते. म्हणून सत्याहत्तरपर्यंत दर पगाराला आजोबा त्या घरी धान्य पोहोचवत.