आरव्ही घेऊन तळ्याकाठी: तुमचं काय चुकलं ते लिहा

जुलैत पाच दिवस लडिंग्टन स्टेट पार्कला जातोय, मिशिगनमध्ये. एका बाजूला लेक मिशिगन, दुसऱ्या बाजूला हॅमलिन लेक. भारतातून आलेले सासू-सासरे बरोबर आहेत, म्हणून तंबू बाद. पंचवीस फुटी आरव्ही, म्हणजे झोपायची-स्वयंपाकाची सोय असलेली गाडी, भाड्याने घेतलीय; पार्कात ती उभी करायच्या जागेवर ३० अँपियरची वीज आहे. नवऱ्याने आजवर मिनीव्हॅनपेक्षा मोठं काही चालवलेलं नाही. व्हिडिओ पाहून पाहून डोकं भणभणलंय. जे छान झालं ते सगळ्यांच्या फोटोंत दिसतंच. जे फसलं ते सांगा.

*

ताई, जागा मिळाली म्हणजे अर्धी लढाई जिंकलीत. मिशिगनच्या पार्कांचं बुकिंग सहा महिने आधी, सकाळी ८ ला उघडतं. आम्ही दोघं दोन लॅपटॉप घेऊन तत्काळच्या तिकिटासारखे बसलो होतो, तरी पाण्याजवळची जागा गेली ती गेलीच.

आमची चूक लाकडांची. परसातलं वाळलेलं झाड तोडलेलं होतं, म्हटलं शेकोटीला कामाला येईल, भरली गाडीत. गेटवर रेंजरबाईंनी थांबवून शांतपणे समजावलं. ॲश झाडं पोखरणारा हिरवा भुंगा २००२ मध्ये आमच्या डेट्रॉइटच्या आसपासच पहिल्यांदा सापडला, आणि तो लांब लांब पसरला त्यात अशा गाडीतून नेलेल्या लाकडांचा मोठा हात आहे. लाकूड तिथेच विकत घ्या.

बिग सेबलचा दीपस्तंभ १८६७ चा आहे, ११२ फूट उंच. पण तिथवर पायीच जायचं, एका बाजूने जवळजवळ दोन मैल. काकांच्या गुडघ्यांना आधी विचारा.

*

विजेचं गणित नीट करून ठेवा. ३० अँपियर गुणिले १२० व्होल्ट, म्हणजे सगळे मिळून ३६०० वॅट. एसी चालू, गरम पाण्याची टाकी विजेवर, आणि बायकोने पोह्यांसाठी इंडक्शन लावलं. खट्! पुन्हा खटका वर केला, तिने मायक्रोवेव्ह लावला. खट्! तिसऱ्यांदा आम्ही दोघं एकमेकांवर घसरलो. पाण्याची टाकी गॅसवर टाका, स्वयंपाकही गॅसवरच करा. आणि कुकर लावलात तर पहिल्या शिट्टीआधी शेजाऱ्यांना सांगा. आमचे शेजारी अग्निशामक घेऊन धावत आले होते. नंतर वरण-भात खाऊन गेले, ती गोष्ट वेगळी.

*

मी मिनेसोटातला, आम्ही आयटास्काला गेलो होतो. पार्क १८९१ चं, राज्यातलं सगळ्यात जुनं. मी मूळचा सोलापूरचा, उन्हाळ्यात टँकरची वाट बघत वाढलेला. पाणी जपून वापरायचं मला कोण शिकवणार, अशी घमेंड होती. पण स्टेट पार्कांत बहुतेक जागांवर सांडपाण्याची जोडणी नसते. भांड्यांचं आणि अंघोळीचं पाणी गाडीखालच्या एका टाकीत जातं, संडासाचं दुसऱ्या. आमच्याकडे भांडी घासायची म्हणजे नळ सोडूनच. दुसऱ्या रात्री मुलगा ओरडला, "बाबा, अंघोळीचं पाणी परत येतंय!" खरंच, जाळीतून राखाडी पाणी वर येत होतं, त्यात दोन मोहऱ्या आणि एक कढीपत्त्याचं पान तरंगत होतं.

तेव्हापासून घमेलं ठेवून भांडी घासतो, अंघोळ पार्कच्या न्हाणीघरात. टाक्या रिकाम्या करायच्या जागी आधी संडासाची सोडायची, मग साबणाच्या पाण्याची, म्हणजे पाइप आपोआप धुतला जातो. हातमोजे दोन जोड न्या. का, ते विचारू नका.

जाता जाता: तिथे तळ्यातून मिसिसिपी निघते, दगडांवर पाय देत दहा-पंधरा पावलांत ओलांडता येते. शेजारच्या खांबावर लिहिलंय की इथून समुद्र २,५५२ मैल. आईने वाकून पाणी डोळ्यांना लावलं, त्र्यंबकला लावते तसं.

*

आमचं कॅलिफोर्नियातल्या लेक टाहोचं, शुगर पाइन पॉइंट पार्कला. तिथे वीज-पाण्याची जोडणी नाही, उन्हाळ्यातही रात्री हुडहुडी भरते. हीटर गॅसवर चालतो म्हणून निर्धास्त झोपलो. त्याचा पंखा बॅटरीवर असतो हे पहाटे तीनला कळलं. शांततेच्या वेळेत जनरेटर लावता येत नाही, त्यामुळे उजाडेपर्यंत चौघं एका गोधडीत. शिवाय अस्वलं. लोणचं, शेंगदाण्याची चटणी, टूथपेस्टसुद्धा, सगळं लोखंडी पेटीत.

*

जाऊन आलो! खटका एकदाच पडला (नवऱ्याने हेअर ड्रायर लावला, मी नाही). पेट्रोल पंपावर उजवीकडे वळताना गाडीचं शेपूट डावीकडे फिरलं आणि खांबाला घासलं. मागच्या चाकांच्या मागे एवढी लांब गाडी असते हे कुणीच बोलला नाहीत. वळताना एकाने खाली उतरून उभं राहायचंच. अनामत रकमेतले निम्मे गेले.

गाडी सपाट उभी करायची हे माहीत होतं, पातळी दाखवणाऱ्या नळीतला बुडबुडा मधे दिसला म्हणून खूश होतो. सकाळी सासूबाईंनी धिरड्यासाठी तवा ठेवला. तेल सरळ दाराच्या बाजूला पळालं, पीठही त्याच्या मागे. "गाडी वाकडी आहे तुमची," त्या म्हणाल्या. नवरा बुडबुडा दाखवत राहिला, त्या तवा दाखवत राहिल्या. शेवटी दाराकडच्या पुढच्या चाकाखाली दोन पिवळे ठोकळे घातले, आणि तिसरं धिरडं गोल आलं.

सासऱ्यांची एकच तक्रार: जुलैत तिथे सूर्य साडेनवाच्या सुमारास मावळतो, आणि दिवेलागण झाल्याशिवाय त्यांना जेवण जात नाही. रोज वाळूत खुर्ची टाकून, घड्याळ बघत, ताट मांडीवर घेऊन बसायचे.