केशरोपणापूर्वी डोक्यावरचे सगळे केस काढावेत का?

प्रश्न

माझे कपाळ दोन्ही बाजूंनी मागे सरकले असून पुढच्या भागातले केस विरळ झाले आहेत. एफयूई पद्धतीने, म्हणजे मागच्या बाजूचे केस मुळांसकट एकेक काढून पुढे लावण्याच्या पद्धतीने, केशरोपण करून घ्यायचे ठरले आहे. शल्यविशारदांचा आग्रह संपूर्ण डोके बारीक करण्याचा आहे. मात्र मागच्या बाजूचा थोडाच भाग कापून वरचे केस तसेच ठेवता येतील, असेही ते म्हणाले. माझे काम रोज अनेकांना भेटण्याचे आहे आणि ही गोष्ट चारचौघांत चर्चेला यावी, असे मला वाटत नाही. केस राखल्याने निकालात खरोखर फरक पडतो का? आणि काढायचेच असतील, तर ते घरूनच काढून जावे का?

प्रतिसाद 1

केस कापण्याची गरज नेमकी कुठे आणि कशासाठी असते, हे आधी पाहावे, कारण मागचा भाग आणि पुढचा भाग यांची कारणे वेगळी आहेत. एफयूईमध्ये डोक्याच्या मागच्या बाजूने एकेक ग्राफ्ट (मुळांसकट केसांचा छोटा पुंजका) साधारण एक मिलिमीटर किंवा त्याहूनही कमी व्यासाच्या पोकळ पंचने (गोल धारेच्या नळीसारख्या उपकरणाने) सोडवून घेतात. एका ग्राफ्टमध्ये बहुधा एक ते चार केस असतात आणि त्यांची मुळे त्वचेखाली तिरपी गेलेली असतात. तो तिरपेपणा बाहेर दिसणाऱ्या खुंटावरूनच ओळखायचा असल्याने तिथले केस एक-दोन मिलिमीटरपर्यंत कापावे लागतात. अंदाज चुकला तर मूळ मधेच कापले जाते, आणि मागच्या बाजूचा साठा मर्यादित असल्याने ते नुकसान भरून निघत नाही.

पुढच्या भागात प्रश्न वेगळा असतो. तिथे तुमचे स्वतःचे केस अजून शिल्लक असतील, तर नव्या केसासाठी चीर देताना जुन्या मुळांना धक्का लागू नये, तसेच नवा केस शेजारच्या केसांच्याच दिशेने बसावा, यासाठी त्वचा स्वच्छ दिसणे फार उपयोगाचे ठरते. लांब केस बाजूला सारत काम करता येते, परंतु वेळ वाढतो, आणि ग्राफ्ट शरीराबाहेर जितके कमी राहतील तितके बरे. म्हणून ग्राफ्टची संख्या मोठी असेल तर माझे मत निःसंदिग्धपणे केस बारीक करण्याच्या बाजूचे आहे. केवळ कोपरे भरायचे असतील आणि शल्यविशारदांना केस राखून काम करण्याचा सराव असेल, तर मागचा भाग तेवढा कापून घेणे पुरेसे होऊ शकते. एफयूटी पद्धतीत त्वचेची अरुंद पट्टी काढून टाके घालतात; तिथे पट्टीपुरतेच केस कापले जातात आणि वरचे केस ती जागा झाकतात, मात्र रेषेसारखा कायमचा व्रण राहतो.

प्रतिसाद 2

मी वरचे केस राखून केशरोपण करून घेतले आहे. मागची कापलेली जागा झाकली गेली हे खरे, पण पुढच्या भागातली लाली आणि खपल्या झाकता आल्या नाहीत, आणि लोकांचे लक्ष जाते ते तिथेच. खपल्या सुटायला साधारण आठवडा-दीड आठवडा लागतो. त्या काळात लांब केस त्यांत अडकतात, त्यामुळे डोके धुताना फार जपावे लागते. शिवाय लावलेले बहुतेक केस पहिल्या काही आठवड्यांत गळून पडतात. मुळे आत जिवंत असतात आणि नवी वाढ साधारण तीन-चार महिन्यांनी दिसू लागते, तरी मधल्या काळात आजूबाजूचे लांब केस आणि मोकळी जागा यांतला फरक जास्त जाणवतो. सगळे केस सारखेच बारीक असतील, तर ती विसंगती कमी दिसते.

प्रतिसाद 3

घरून केस काढून जाऊ नका, एवढे मात्र मी आवर्जून सांगेन. केशरेषा कुठे आखायची, केस कोणत्या दिशेने वळतात, विरळ भाग नेमका कुठवर आहे, हे केस असतानाच नीट दिसते. वस्तरा तर मुळीच फिरवू नये, कारण कातडीला जखम झाली तर संसर्गाचा धोका वाढतो आणि पंचला दिशा दाखवणारा खुंटही उरत नाही.

प्रश्नकर्ता

सविस्तर उत्तरांबद्दल मनापासून आभार. कामावरून किती काळ रजा घ्यावी, एवढेच आता ठरवायचे आहे.

प्रतिसाद 1

खपल्या पूर्ण सुटेपर्यंतची रजा घ्यावी, आणि त्वचा गोरी असेल तर लाली त्यानंतरही काही आठवडे टिकू शकते, हे गृहीत धरावे. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात, त्यामुळे महिन्याभरात डोके नुसते बारीक कापल्यासारखे दिसू लागेल. शक्य असल्यास रजेच्या काही आठवडे आधीच केस टप्प्याटप्प्याने आखूड करत जा, म्हणजे परतल्यावर बदल एकदम डोळ्यांत भरणार नाही. त्यासाठी साधे कापणे पुरे आहे. शेवटचे बारीक करण्याचे काम शस्त्रक्रियेच्या दिवशी शल्यविशारदांनाच करू द्या.