पाचवीची टीडी: पालकांना आठवण नक्की कशी करून द्यायची?

पाचवीचा_मास्तर:
जिल्हा परिषद शाळा, बीडकडचं गाव. दहाव्या वर्षाच्या टीडीसाठी (धनुर्वात-घटसर्पाची लस) सिस्टर आल्या. पटावर ३१, सुई घेतली १४ जणांनी. बाकीची संमतीपत्रं दप्तरातच. एकाचं तर विमान होऊन वर्गात उडत होतं. ग्रुपवर दोनदा टाकलं होतं, "उद्या लसीकरण आहे, संमतीपत्र पाठवावे". उत्तरं चार, त्यातलं एक 'सुप्रभात'. बरेच आईबाप ऊसतोडीला, पोरं आजीपाशी आणि माझ्याकडे नंबर बापाचा. पुढच्या महिन्यात सिस्टर परत येतील. काय करू?

आशाताई_११वर्षं:
गुरुजी, नुसतं "लसीकरण" लिहिलंत तिथंच गाडी अडली. लोकांना वाटतं परत करोनाचीच. धनुर्वात-घटसर्पाची सुई म्हणा. लहानपणीच्या डोसांचा जोर ओसरतो म्हणून दहाव्या आणि सोळाव्या वर्षी परत देतात. आधी नुसती धनुर्वाताची टीटी असायची, हे सांगितलं की आजी लगेच "हां, टीटी का!" म्हणते. आणि लिहू नका, बोलून पाठवा, पोराचं नाव घेऊन. टोळी रात्री गाड्या भरत असते, बापाला दुपारी भाकरीच्या वेळी फोन करा.

दोन_लेकींची_आई (पुणे):
शहरात तरी काय वेगळं? थोरलीला बाराव्या वर्षी एचपीव्हीचा (गर्भाशयमुखाच्या कर्करोगापासून वाचवणारी लस) पहिला डोस सप्टेंबरात दिला. दुसरा सहा महिन्यांनी, म्हणजे मार्चमध्ये. कालनिर्णयवर लिहायला गेले तर पुढच्या वर्षाचं घरात आलेलंच नाही! दवाखान्यातून फोन नाही, मेसेज नाही. मेमध्ये लेकच म्हणाली, "आई, माझी एक सुई राहिलीय." सुईला घाबरते ना, तिला तारीख पाठ! उशीर झाला तरी पहिल्यापासून सुरू करावं लागत नाही, म्हणून निभावलं.

पाचवीचा_मास्तर:
आशाताई, तुमचं ऐकलं. आदल्या संध्याकाळी १७ घरांना एकेक आवाजी निरोप. ज्या आज्यांकडे फोन नाही त्यांच्या शेजारणीला. १२ जण आले. विमानवाला आजीचा अंगठा घेऊन सगळ्यांत आधी रांगेत. उरले पाच. दोघांना ताप होता, तिघं टोळीबरोबरच गेलीत. त्यांचं काय?

आशाताई_११वर्षं:
कारखान्याचं गाव कुठलं ते विचारा. तिथल्या सरकारी आरोग्य केंद्रात फुकटच मिळते. लसीचं कार्ड घरी ठेवलं असेल तर फोटो काढून पाठवा. तापवाल्या दोघांची नावं तुमच्या गावच्या आशाताईला द्या, त्यांची घरं तिला ठाऊक असतील.