'रौप्य जिंकत नाही, सुवर्ण गमावता': ही पाटी तुमच्याही कामावर लागली होती का?

मी सांगलीत खेळाच्या सामानाच्या दुकानात बुटांच्या विभागात काम करते. पाच वर्षं झाली. गेल्या दिवाळीनंतर आमच्या बिलिंग काउंटरमागं एक फ्लेक्स लागला, काळ्यावर पांढरी अक्षरं: 'यू डोन्ट विन सिल्व्हर, यू लूज गोल्ड.' म्हणजे रौप्य जिंकत नाही तुम्ही, सुवर्ण गमावता. नायकेनं 1996 च्या अटलांटा ऑलिंपिकच्या वेळी केलेली ही जाहिरात. तेव्हाही पुष्कळ लोकांना ती खटकली होती. आमच्या साहेबांना ती मोबाईलवर सापडली आणि त्यांनी ती दिवसभर उभं राहून गिऱ्हाइकांच्या पायात बूट चढवणाऱ्या आम्हा मुलींना लावली.

त्या महिन्यात माझी एक मैत्रीण विक्रीत दुसरी आली. पहिल्यात आणि तिच्यात चार जोड्यांचा फरक. मीटिंगमध्ये पहिल्याला पाकीट मिळालं, टाळ्या झाल्या. मग साहेबांनी फ्लेक्सकडं बोट केलं आणि तिला म्हणाले, "वाचा जरा मोठ्यानं." तिनं वाचलं. थोड्या वेळानं मी गोडाऊनमध्ये गेले तर ती स्टुलावर बसून दाखवून झालेल्या बुटांत कागदाचे बोळे भरत होती. बोळा पार अंगठ्यापर्यंत दाबायचा, नाडी आत खोचायची, झाकण लावायचं, पुढचा खोका. तिनं वर बघितलंच नाही. त्याच महिन्यात तिची आई दवाखान्यात होती आणि तिनं एक दिवस खाडा केला नव्हता.

आणि हे कुठं, तर सांगलीत! पानटपरी चालवणाऱ्याचा मुलगा, आपला संकेत सरगर. 2022 ला बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत भारताचं पहिलं पदक त्यानं आणलं, वेटलिफ्टिंगच्या 55 किलो गटात. एकूण 248 किलो उचलले. मलेशियाच्या खेळाडूचे 249. एका किलोनं सुवर्ण गेलं. 139 किलो उचलताना उजवं कोपर दुखावलं, तरी पठ्ठ्या पुढच्या प्रयत्नाला परत आला. त्या रात्री सांगलीत कुणी म्हणालं का, पोरानं सोनं गमावलं म्हणून?

तुमच्या कामावर अशी वाक्यं लागली असतील, कुणी तोंडावर म्हटली असतील, तर लिहा. वाक्य आवडलं असेल तरी लिहा. फक्त दुकानाचं, कंपनीचं, साहेबाचं नाव नको.

*कुपवाड, पॅकिंग*

आमच्यात इंग्रजी पाटी न्हवती, सुपरवायझरच बोलायचा. 'दुसरा म्हंजी हरल्यातला पहिला.' शिफ्ट सुटताना फळ्यावर दोन्ही लाइनचं आकडं लिहायचा आन् कमी आकड्याभोवती लाल गोल करायचा. एकदा आमची लाइन अकरा खोक्यांनी मागं पडली, कारण टेपचं मशीन दोनदा अडकलं होतं. ते फळ्यावर कोण लिहिणार? लाल गोल तेवढा दिसला. घरी जाऊन जेवलो न्हाई त्या दिवशी.

*सातारा, पतसंस्थेत वसुली*

मला दोन्ही बाजू लिहायच्या आहेत, कारण मी पळतोही.

सातारा हिल हाफ मॅरेथॉन मी चार वेळा केली आहे. यवतेश्वरचा घाट चढून कासच्या रस्त्यानं जायचं आणि परत यायचं, एकूण 21 किलोमीटर. चढावर पोटऱ्या दगड होतात. अशा वेळी मी स्वतःशी फार कडक बोलतो. 'थांबलास तर कशाला आलास' इथपासून न लिहिण्यासारखं बरंच. आणि त्याचा उपयोग होतो, हे मान्य करतो.

मार्चअखेर आमच्या शाखांच्या बैठकीत वरिष्ठांनी पडद्यावर हेच वाक्य लावलं. आमची शाखा वसुलीत दुसरी होती. आमच्या भागात त्या वर्षी आलं मातीमोल भावानं गेलं होतं. एका कर्जदाराच्या दारात मी तीनदा गेलो. तिसऱ्या वेळी त्याच्या म्हाताऱ्या आईनं माझ्यापुढं चहाचा कप ठेवला आणि म्हणाली, "साहेब, आल्याचा चहा हाय. आता आलंच राहिलंय घरात." मी चहा प्यालो आणि काहीही न बोलता गाडीला किक मारली. त्या हप्त्यामुळं शाखा पहिली आली असती की नाही, मी हिशेब केला नाही. पण बैठकीत त्या पडद्याकडं बघताना मला त्या माउलीचा कप दिसत होता.

घाटात ते कडक वाक्य माझं मी म्हणतो. पाय माझे, दम माझा, आणि नको वाटलं तर बाजूला बसायची मुभाही माझी. बैठकीत ते म्हणणाऱ्याच्या हातात माझी पगारवाढ असते आणि त्याला घाट चढायचा नसतो. माझा सगळा राग एवढ्याचाच आहे. वाक्य तेच असलं तरी कोण कुणाला म्हणतं याला फार महत्त्व आहे.

*फलटण, औषध कंपनीत एमआर*

मी वेगळं सांगते, राग मानू नका. मला ते वाक्य आवडतं. मी कबड्डी खेळायचे, जिल्ह्यापर्यंत गेले. मुलींना लहानपणापासून 'भाग घेतलास ना, झालं तर मग' एवढंच ऐकवतात. भावाला कुणी असं म्हणत नव्हतं. नायकेची 2024 मधली पॅरिस ऑलिंपिकच्या वेळची जाहिरात आली, जिंकणं प्रत्येकासाठी नसतं म्हणणारी. तिच्यात निवेदक सारखा विचारतो, मी वाईट माणूस आहे का? ती बघताना अंगावर काटा आला. मला जिंकायचंच आहे असं बाईनं उघड म्हटलेलं आपल्याकडं अजून चालत नाही. दर महिन्याला टार्गेट गाठते ते त्याच ईर्ष्येनं.

पण गोडाऊनमधल्या त्या ताईचं वाचून वाईट वाटलं. "वाचा मोठ्यानं" म्हणायला नको होतं.

*मिरज, फ्लेक्स प्रिंटिंग*

असले फ्लेक्स आम्हीच छापतो, म्हणून लिहितो. महिन्याला दोन-तीन ऑफिसांचे येतात. मजकूर मोबाईलवर येतो, आम्ही जसाच्या तसा लावतो. ज्या कंपन्या ही वाक्यं लिहितात त्यांच्याकडूनही चुका होतात. 2017 ला बोस्टन मॅरेथॉन संपल्यावर आदिदासनं पळणाऱ्यांना ईमेल पाठवली, अभिनंदन, तुम्ही बोस्टन मॅरेथॉनमधून वाचलात! तिथं 2013 ला बॉम्ब फुटून माणसं गेली होती. कंपनीनं लगेच माफी मागितली. तशी माफी मागितलेलं एकही ऑफिस माझ्याकडं दुसरा फ्लेक्स घ्यायला आलेलं नाही.

*आटपाडी, खासगी क्लासमध्ये शिकवते*

आमच्या क्लासच्या जिन्यात ही ओळ मराठीत रंगवली आहे. मुलांसाठी असली तरी ती आम्हा शिक्षकांनाही ऐकवली जाते, निकालाच्या दिवशी.

आमच्या तालुक्यातल्या करगणीचे सचिन खिलारी. 2024 च्या पॅरिस पॅरालिंपिकमध्ये गोळाफेकीत एफ 46 गटात (हाताचं अपंगत्व असलेल्या खेळाडूंचा गट) रौप्य, 16.32 मीटर, आशियाई विक्रम. सुवर्णवाल्या कॅनडाच्या खेळाडूचे 16.38. मी दुसऱ्या दिवशी वर्गात पट्टी घेतली आणि फळ्यावर सहा सेंटिमीटरची रेघ ओढली. मग पोरांना म्हटलं, आता सोळा मीटर बत्तीस सेंटिमीटर मोजा. टेप घेऊन वर्गातून निघालो, व्हरांडा संपला, जिना उतरून अंगणात, तरी पुरेना. शेवटी पार फाटकाबाहेर रस्त्यावर खडूची खूण केली. एक पोरगी त्या खुणेवर उभी राहून मागं बघत म्हणाली, "मॅडम, एवढं लांब?" फळ्यावरची रेघ मी आठवडाभर पुसू दिली नाही.

जिन्यातली ओळ अजून आहे. मी सरांना दोनदा सांगितलं. "रंगकाम उन्हाळ्यात बघू" म्हणाले.

*कराड, साखर कारखान्याच्या ऑफिसात*

पैलवान खाशाबा जाधव आमच्या शेजारच्या गोळेश्वरचे. 1948 ला लंडनमध्ये सहावे. 1952 ला हेलसिंकीत कांस्य, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. परत आले तेव्हा बैलगाड्यांची मिरवणूक निघाली, हे आमचे आजोबा सांगायचे. तिसऱ्या नंबरासाठी बैल सजवणारी माणसं आपली. तीच ओळख ठेवा.

*सांगली, ही चर्चा सुरू करणारी*

सगळ्यांचं वाचलं, मैत्रिणीलाही दाखवलं. पतसंस्थावाल्या दादांचं तिनं दोनदा वाचलं.

आमच्या दुकानाचंही सांगते. चार जणी मिळून साहेबांकडं गेलो. पोटात गोळा आला होता. मी म्हटलं, फ्लेक्स ठेवायचा तर ठेवा, पण कुणाला वाचायला लावू नका, आणि आकडे सांगताना कुणाच्या घरी काय चाललंय ते आधी विचारा. साहेब बराच वेळ बोलले नाहीत. फ्लेक्स काढला नाही, पण पुढच्या मीटिंगमध्ये कुणाला वाचायला लावलं नाही. मैत्रिणीनं मात्र तोवर माधवनगर रस्त्यावरच्या कापडदुकानात नोकरी धरली होती. तिची आई आता बरी आहे.

ज्यांच्या भिंतीवर अजून काही लावलेलं आहे त्यांनी लिहीत राहा.